नवी सायकल घेताना : दुकान, माप आणि जोडणी

सायकल कारखान्यातून चालवण्याजोगी होऊन येत नाही. लुधियाना असो, चेन्नई असो की परदेश, दुकानात ती पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यातून येते. पुढचे चाक काढून फ्रेमला बांधलेले असते, हँडल आडवे वळवलेले असते, पायडल वेगळ्या पिशवीत असतात आणि ब्रेकच्या व गिअरच्या केबल नुसत्या ओवलेल्या असतात. तिथून पुढचे काम दुकानातल्या कारागिराचे, आणि ग्राहक ज्याला सायकलचा दर्जा म्हणतो त्याचा मोठा हिस्सा याच कामातून येतो. 35 हजारांची सायकल घाईत जोडली गेली तर महिनाभरात करकरू लागते, आणि 15 हजारांची नीट जोडून चालवणाऱ्याच्या मापाला बसवली तर वर्षानुवर्षे विनातक्रार चालते. म्हणून आधी दुकान निवडावे, मग माप घ्यावे आणि ब्रँड व मॉडेल यांचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे मत आहे.

पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरात राहणारी, रोज कामाला पाच-दहा किलोमीटर जाणारी आणि रविवारी एखादा घाट चढण्याची हौस असणारी प्रौढ व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून पुढील लेखन केले आहे. खर्चाची मर्यादा 15 ते 40 हजार रुपये धरली आहे. शर्यतीची कार्बन सायकल घेणाऱ्यांचा विषय वेगळा आहे. लहान मुलांच्या सायकलीबाबत एवढेच सांगावेसे वाटते की "दोन वर्षांनी बरोबर होईल" म्हणून मोठी सायकल घेऊ नये, कारण मूल त्या दोन वर्षांत सायकलला घाबरायला शिकते.

दुकानात जाण्यापूर्वी

घरी बसून काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. रोजचा रस्ता कसा आहे, म्हणजे सलग डांबर आहे, पेव्हर ब्लॉक आहेत की खड्डे, आणि त्यात चढ किती आहे, हे आधी पाहावे. सायकल रात्री कुठे राहणार हेही तितकेच महत्त्वाचे आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सायकल उचलून न्यायची असेल, तर 17 किलोची सस्पेंशनवाली सायकल आणि 12-13 किलोची हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल) यांतला फरक दुसऱ्याच आठवड्यात खांद्याला समजतो. पाठीवर लॅपटॉप असणार की कॅरिअरवर पिशव्या लावायच्या, पावसाळ्यात सायकल बंद ठेवायची की चालवायची, यांचीही उत्तरे तयार असावीत. कॅरिअर आणि पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवायचे असतील तर फ्रेमवर त्यासाठी आट्यांची भोके असावी लागतात, आणि ती सगळ्याच सायकलींना नसतात.

दुसरे काम म्हणजे मांडीच्या आतल्या बाजूने पायाची लांबी मोजणे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पायांत वीतभर अंतर ठेवावे, एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटप्रमाणे घट्ट वर दाबावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. हा आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून खिशात ठेवावा. सायकलच्या दुकानात उंचीपेक्षा हा आकडा अधिक उपयोगी पडतो, कारण सारख्याच उंचीच्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असू शकतो.

दुकान कसे पारखावे

समोर टांगलेल्या चकचकीत सायकलींकडे थोडा वेळ दुर्लक्ष करून दुकानाच्या मागच्या बाजूला नजर टाकावी. तिथे सायकल टांगून काम करण्याचा स्टँड आहे का, चाकाची आउट, म्हणजे रिमचे डावे-उजवे डुलणे, काढण्याचा स्टँड आहे का, पाने भिंतीवर जागच्या जागी आहेत का आणि बोल्ट ठरावीक ताकदीनेच आवळण्यासाठी टॉर्क रेंच आहे का, हे दोन मिनिटांत कळते. त्याहून बोलका पुरावा म्हणजे दुरुस्तीला आलेल्या सायकली. ओव्हरहॉलिंगसाठी (पूर्ण खोलून, साफ करून पुन्हा जोडण्यासाठी) ठेवलेल्या दहा-बारा जुन्या सायकली ज्या दुकानात रांगेने उभ्या दिसतात, तिथे लोक विक्रीनंतरही परत येतात असा अर्थ होतो. जिथे फक्त नव्याच सायकली दिसतात आणि दुरुस्तीचा विषय काढताच कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे बोट दाखवले जाते, तिथून पंप किंवा कुलूप घ्यायला हरकत नाही, सायकल घेऊ नये.

मग बोलणे सुरू करावे आणि आपण काय विचारतो यापेक्षा दुकानदार काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. जाणकार दुकानदार किमतीच्या आधी "कुठून कुठे जाणार, रोज किती चालवणार, आधी कुठली सायकल होती, गुडघ्याचा किंवा कमरेचा त्रास आहे का" असे प्रश्न विचारतो. "शेठ, जास्तीत जास्त किती उतरवाल?" हा आपला पहिला प्रश्न असेल, तर त्यालाही आपल्याशी बोलायचा उत्साह राहत नाही, हेही खरे. दुकानदार एखादे महागडे मॉडेल दाखवून नंतर "पण काका, तुमच्या कामाला हे नको, तुम्ही ते बघा" असे म्हणत स्वस्त मॉडेलकडे नेत असेल, तर त्या दुकानाला पुष्कळ गुण द्यावेत. आपल्या मापाची सायकल शिल्लक नसताना "आठ दिवसांत मागवून देतो" म्हणणारा दुकानदार आणि "आहे तीच घ्या, सीट खाली करून देतो" म्हणणारा दुकानदार यांतला फरक तर सगळ्यांत मोठा.

जोडणी कोण करतो आणि तिला किती वेळ लागतो, हे स्पष्ट विचारावे. गिअरची सायकल खोक्यातून काढून, चाकांची आउट तपासून, हब (चाकाचा मधला भाग) आणि हँडलच्या कपातले छर्रे नीट बसले आहेत की नाहीत हे पाहून, ब्रेक व गिअर जुळवून द्यायला कुशल कारागिरालाही दीड-दोन तास लागतात. "आत्ता बसा, दहा मिनिटांत देतो" हे उत्तर ऐकायला गोड असले तरी ते धोक्याचे आहे, आणि "उद्या संध्याकाळी या" हे उत्तर चांगले आहे. याच कारणासाठी दसरा आणि पाडव्याच्या दिवशी खरेदीला जाऊ नये. मुहूर्ताला सायकल घरी आणायची असेल तर आठवडाभर आधी पैसे भरून ठेवावेत, मधल्या निवांत दिवसांत जोडणी करून घ्यावी आणि सणाच्या दिवशी फक्त हार घालून घेऊन यावी.

नावाजलेला ब्रँड घेतला की दुकान कुठलेही चालते, असा एक समज आहे. भारतीय सायकल उद्योग मोठा आणि जुना आहे. चेन्नईची टीआय सायकल्स 1949 पासून आणि लुधियान्याची हीरो सायकल्स 1956 पासून या धंद्यात आहे, आणि हर्क्युलिस, बीएसए, माँट्रा ही नावे पहिल्या कंपनीची आहेत, तर 2015 पासून फायरफॉक्स दुसरीकडे आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे नावही टिकेलच असे नाही. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. वॉरंटीचा कागद कंपनी देते, पण गिअर अडकला की तो कागद घेऊन आपण दुकानातच जातो.

इंटरनेटवरून अर्धवट जोडलेली सायकल मागवून दोन-तीन हजार वाचवण्याचा मोह पुष्कळांना होतो. ज्याला स्वतःला पाने चालवता येतात त्याने तसे जरूर करावे. इतरांना जोडणीचे पैसे, पहिल्या दुरुस्तीचे पैसे आणि मापात चूक झाल्यास परत पाठवण्याचा खटाटोप हे सगळे धरले तर त्या बचतीतले फारसे काही हाती उरत नाही.

कोणती सायकल

वर सांगितलेल्या गरजेसाठी, सस्पेंशन नसलेली, सरळ हँडलची, 35 ते 40 मिलिमीटर रुंद टायरची हायब्रिड हे बहुतेकांसाठी सर्वांत समंजस उत्तर आहे. वाकड्या हँडलची रोड बाइक वेगवान असते, पण खड्ड्यांच्या शहरात तिच्या 25 मिलिमीटरच्या टायरवरून रोज जाणे सगळ्यांना मानवत नाही. चार इंची टायरच्या फॅटबाइकचे आकर्षण तरुण मुलांना वाटते. ती वाळू आणि बर्फासाठी बनलेली आहे, आणि कात्रजच्या चढावर ती ढकलत नेणारी मुले रविवारी सकाळी हमखास दिसतात.

स्वस्त सायकलींत दिखाऊ भाग कुठले असतात, हे मात्र नीट ओळखावे. दहा-बारा हजारांच्या सायकलीतला पुढचा सस्पेंशन फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) म्हणजे मुख्यतः वजनदार स्प्रिंग असते, तो धक्के थोडे कमी करतो आणि चढावर उभे राहून पायडल मारताना आपली ताकद खाऊन टाकतो. त्याच किमतीतला केबलवर चालणारा डिस्क ब्रेकही असाच असतो. त्यापेक्षा त्या पैशात मिळणारा साधा व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा) उत्तम पकडतो, त्याचे रबर कुठेही मिळते आणि गावातला मिस्त्रीही तो जुळवू शकतो. फक्त व्ही-ब्रेकबरोबर रिम ॲलॉयची असावी. स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेकचे रबर घसरते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. 30 हजारांच्या पुढे हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) डिस्क ब्रेक मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा, विशेषतः कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी.

"21 गिअर" किंवा "24 गिअर" या आकड्याला महत्त्व देऊ नये. पुढची तीन चक्रे गुणिले मागची सात किंवा आठ एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यातले बरेच गिअर एकमेकांसारखेच असतात. त्याऐवजी दाते मोजावेत. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते यांचे गुणोत्तर एकच्या जवळ किंवा खाली असेल, तर सिंहगडासारख्या चढावर सामान्य ताकदीचा माणूसही बसून पायडल मारू शकतो. पुढे 28 आणि मागे 34 दाते असतील तर हे गुणोत्तर सुमारे 0.82 येते. पुढे एकच 42 दात्यांचे चक्र आणि मागे मोठ्यात मोठे 28 असेल तर ते 1.5 येते, आणि अशी सायकल शहरात कितीही छान वाटली तरी घाटात गुडघ्यांची परीक्षा पाहते. शिमानो या कंपनीच्या गिअरच्या भागांत टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर असा चढता क्रम आहे. रोजच्या वापराला अल्टस किंवा असेरा पुरेसे होतात.

एक तपासणी मात्र फार कमी ग्राहक करतात. मागचे गिअर फ्रीव्हीलवर आहेत की कॅसेटवर, हे पाहावे. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते आणि त्यात उजव्या बाजूचे बेअरिंग बरेच आत राहते, त्यामुळे बाहेर उरलेल्या एक्सलवर (चाकाच्या मधल्या दांड्यावर) ताण येतो. वजनदार माणूस किंवा सामान असेल तर खड्ड्यात हा एक्सल वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असल्याने हा त्रास जवळपास संपतो. ओळखायची रीत सोपी आहे. गिअरची चक्रे हाताने उलट फिरवावीत आणि मधोमध जिथे पाना लागतो त्या खाचांकडे पाहावे. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागीच राहिल्या तर फ्रीव्हील. 80 किलोच्या वरच्या माणसाने किंवा कॅरिअरवर ओझे नेणाऱ्याने कॅसेटचाच आग्रह धरावा, मग त्यासाठी दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

टायरच्या कडेवर 37-622 असा आकडा छापलेला असतो. त्यातला पहिला टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. 622 म्हणजे ज्याला आपण 700 सी म्हणतो ते, 559 म्हणजे माउंटन बाइकचे जुने 26 इंची माप, आणि 635 म्हणजे दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीचे 28 इंची माप. हे लक्षात ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. तालुक्याच्या गावात 28 इंची आणि 26 इंची ट्यूब सहसा मिळते, 700 सी मापाची बहुधा मिळत नाही. त्यामुळे लांबच्या फेरीला हायब्रिडवाल्याने दोन ट्यूब जवळ बाळगाव्यात. व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, बारीक प्रेस्टा असेल तर छोटा पितळी ॲडॉप्टर कायम जवळ असावा लागतो.

माप

चुकीच्या मापाची सायकल कितीही महाग असली तरी ती दोन महिन्यांनी गॅलरीत कपडे वाळवायच्या कामाला येते. त्यामुळे या टप्प्यावर दुकानदाराचा आणि आपला वेळ सढळ हाताने खर्च करावा.

सुरुवात वरच्या नळीपासून करावी. सायकल दोन्ही पायांमध्ये घेऊन, सीटच्या पुढे, बूट घालून सपाट उभे राहावे. नळी आणि शरीर यांत हायब्रिडसाठी किमान दोन-तीन सेंटिमीटर आणि माउंटन बाइकसाठी पाच सेंटिमीटरच्या पुढे अंतर हवे. अंतर नसेल तर सायकल मोठी आहे, आणि मग पुढची चर्चा थांबवावी.

त्यानंतर सीटची उंची. घरी मोजलेल्या पायाच्या लांबीला 0.88 ने गुणावे. पाय 78 सेंटिमीटर असेल तर सुमारे 68.6 येतात. क्रँक, म्हणजे पायडल बसते तो दांडा, ज्या बिंदूभोवती फिरतो तिथपासून सीटच्या पृष्ठभागापर्यंत सीटच्या नळीला समांतर टेप धरून एवढे अंतर ठेवायला सांगावे. टेप नसेल तर सीटवर बसून पायडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय पूर्ण सरळ होत असेल तर उंची बरोबर आहे. नंतर चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. ही उंची आपल्याकडे बहुतेकांना "फार वर" वाटते, कारण सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत अशी सवय लहानपणापासून लागलेली असते. तळवे टेकतील इतकी खाली सीट ठेवल्याने गुडघा प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि "सायकलने गुडघे दुखतात" ही तक्रार तिथून सुरू होते. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवायचा असतो. दुकानाबाहेरच्या गल्लीत चार वेळा सराव केला की ते जमते.

सीट वर घेताना सीटपोस्टवरची किमान आत राहण्याची रेघ बाहेर दिसता कामा नये. दिसत असेल तर फ्रेम आपल्याला लहान आहे.

हँडलपर्यंतचे अंतर हा तिसरा आणि जास्त अवघड भाग. मुठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल आणि मान ताठ न करता समोर पाहता येणे, ही खूण. हात ताणून धरावे लागत असतील तर दुकानदार सीट पुढे सरकवू पाहील. तसे करू देऊ नये, कारण सीटची पुढची-मागची जागा पायडलच्या हिशोबाने ठरते. अंतर कमी करायचे तर आखूड स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा) बसवावा. एक-दोन सेंटिमीटरचा फरक त्याने भागतो, त्याहून जास्त लागत असेल तर लहान फ्रेम मागवावी. पाच फुटांच्या आसपास उंचीच्या महिलांना हा अनुभव हटकून येतो, कारण पुष्कळ दुकाने मधल्या आणि मोठ्या मापाचाच साठा ठेवतात. अशा वेळी पुढे बास्केट लावलेली "लेडीज" सायकल पुढे केली जाते. तिची फ्रेम बऱ्याचदा लहान नसतेच, फक्त नळी खाली वाकवलेली असते. छोट्या मापाची सायकल मागवून घेण्याचा आग्रह बिनदिक्कत धरावा.

चालवून पाहणे

दुकानासमोर पन्नास मीटर जाऊन येण्याला चालवून पाहणे म्हणत नाहीत. ओळखपत्र किंवा आपली जुनी गाडी दुकानात ठेवून दोन-तीन किलोमीटरची फेरी मागावी, आणि ती उतार, एखादा स्पीडब्रेकर आणि खराब रस्ता यांवरून जाईल अशी घ्यावी. शक्यतो सकाळी जावे, रहदारी कमी असते आणि दुकानदारही निवांत असतो. दोन वेगळ्या मॉडेलची फेरी लागोपाठ घेतल्याशिवाय निर्णय करू नये, कारण एकट्या सायकलची प्रत्येकाला भुरळ पडते.

निघण्यापूर्वी कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा आहे हे पाहावे. आपल्याकडे सहसा उजवा हात पुढच्या चाकाचा असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींत तो उलट असतो, आणि ही गोष्ट पहिल्या जोरदार ब्रेकला कळणे बरे नाही. उलटा असेल तर जोडणीच्या वेळी बदलून मागावा.

ताबा घेताना

सायकल तयार आहे असा निरोप आला की अर्धा तास हाताशी ठेवून जावे आणि कारागिराच्या देखत पुढील तपासण्या कराव्यात. चांगला कारागीर याने रागावत नाही, उलट पाना हातात घेऊन शेजारी उभा राहतो.

प्रथम सायकल बाजूने पाहावी. फोर्कची टोके पुढच्या दिशेला वळलेली हवीत. हे हास्यास्पद वाटेल, पण घाईत जोडलेल्या सायकलींत फोर्क उलटा बसवलेला आढळतो, आणि अशा सायकलीचे हँडल वेगात अस्थिर होते. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकतीला पकडणारा भाग) फोर्कच्या डाव्या बाजूला, मागच्या अंगाला दिसला पाहिजे.

मग पुढचे चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या रबराकडे किंवा कॅलिपरच्या फटीकडे डोळा लावावा. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर आउट काढणे बाकी आहे. शेजारशेजारचे दोन स्पोक अंगठा आणि बोटात दाबत चाकाभर जावे. सगळे साधारण सारखे ताणलेले लागले पाहिजेत, सैल लागलेला एक स्पोक पुढच्या महिन्यात तुटणाऱ्या तिघांची सूचना देतो. मागच्या चाकाकडे जास्त लक्ष द्यावे, कारण वजन त्याच्यावर असते. चाक फिरत असताना कुठे खरखर होते का हे ऐकावे, आणि थांबल्यावर रिम हातात धरून आडवी हलवून पाहावी. हबमध्ये टकटक जाणवली तर छर्रे जागेवर धरणारे कोन सैल आहेत. चाक जड फिरत असेल तर ते जास्त आवळले आहेत.

हँडलच्या कपासाठी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. स्टेमखाली खटका जाणवता कामा नये. त्यानंतर पुढचे चाक जमिनीपासून उचलून सायकल किंचित डावी-उजवी कलंडवावी. हँडल आपल्या वजनाने सहज वळले पाहिजे. क्रँक दोन्ही हातांनी बाजूला खेचून बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँक फिरतो त्या फ्रेमच्या खालच्या भागात) खेळ नाही ना हे पाहावे.

पायडलबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नवख्या हाताने ते नेहमीच्या दिशेने जबरदस्तीने फिरवले तर क्रँकचे आटे सोलले जातात. सुरुवातीला काहीच समजत नाही. पंधरा दिवसांनी प्रत्येक फेऱ्याला टिक-टिक ऐकू येते आणि मग एक दिवस पायडल क्रँकमधून निखळून हातात येतो. त्या वेळी क्रँक बदलण्यावाचून उपाय राहत नाही आणि वॉरंटीवरून वाद होतो. म्हणून पायडल आणि क्रँक यांच्या सांध्याकडे वाकून पाहावे. पायडलची कड क्रँकला सर्व बाजूंनी सपाट टेकलेली हवी, कुठेही तिरकी फट दिसता कामा नये. सांध्यात ग्रीस लावले आहे का, हेही विचारावे.

गिअरची परीक्षा स्टँडवर टांगून घ्यावी. प्रत्येक गिअर एकेक करून टाकावा आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर चेन नेल्यावर शिफ्टर आणखी दाबून पाहावा. चेन चक्रावरून स्पोकमध्ये उतरता कामा नये. ती मर्यादा ठरवणारा छोटा स्क्रू सैल राहिला तर घाटात नेमक्या जोर लावण्याच्या वेळी चेन आत पडते आणि डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा), स्पोक सगळे एकदम जाते. त्या मॉडेलचा हँगर दुकानात सुटा मिळत असेल तर एक घेऊन ठेवावा. हा छोटासा भाग सायकल आडवी पडली की वाकतो आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्याने ऐन वेळी मिळत नाही.

ब्रेकचे हात पूर्ण दाबल्यावर मुठीला टेकता कामा नयेत आणि ब्रेकचे रबर टायरला नव्हे तर रिमला लागले पाहिजे. क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक काढण्याची खिटी) असेल तर ते बंद करताना तळहातावर वळ उमटेल इतका जोर लागायला हवा. टायरमध्ये कडेवर लिहिलेल्या मर्यादेत हवा भरून घ्यावी. नळ्यांवर ओरखडे असतील तर ते याच वेळी दाखवावेत, घरी गेल्यावर नाही.

बिल आणि सोबतच्या वस्तू

बिलावर ब्रँड, मॉडेल, माप आणि फ्रेम क्रमांक लिहून घ्यावा. हा क्रमांक बहुतेक सायकलींत बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला असतो, त्याचा फोटोही काढून ठेवावा. सायकल चोरीला गेली तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न त्याचाच येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे. बिलात तो तसाच लावला आहे का, हे पाहावे. "बिल नको असेल तर थोडे कमी करतो" असे कोणी म्हटले तर वॉरंटी आणि मालकीचा पुरावा दोन्ही त्या थोड्यात जातात.

घासाघीस करायचीच तर किमतीवर न करता वस्तूंवर आणि सेवेवर करावी. दुकानदाराचा सायकलीवरचा नफा मर्यादित असतो, पण कुलूप, मडगार्ड, दिवे किंवा वर्षभरातले एक जादा सर्व्हिसिंग तो आनंदाने देतो. हेल्मेट, पुढे पांढरा व मागे लाल दिवा, जाड यू आकाराचे कुलूप, घंटी, छोटा पंप, एक जादा ट्यूब आणि टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या एवढ्या वस्तू पहिल्याच दिवशी घ्याव्यात. ट्यूब बदलायची कशी, हे दुकानातच एकदा करवून घ्यावे. पुढेमागे 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) साडेतेरा तासांत करण्याची इच्छा असलेल्यांनी दिव्यांवर काटकसर करू नये. रात्रीच्या टप्प्यांसाठी दिवे आणि चमकणारे जाकीट तिथे सक्तीचे असतात.

पहिले सर्व्हिसिंग

नव्या सायकलीच्या केबल पहिल्या काही आठवड्यांत जागेवर बसतात, स्पोकचा ताण थोडा उतरतो आणि बोल्ट किंचित सैल होतात. त्यामुळे महिन्याभराने किंवा दीडशे-दोनशे किलोमीटर झाल्यावर सायकल पुन्हा दुकानात न्यावी. हे सर्व्हिसिंग बहुधा फुकट असते आणि तरीही निम्मे लोक ते टाळतात. गिअर थोडा खरखरतो, ब्रेक थोडा खोल जातो, अशा ज्या बारीक गोष्टी चालवताना जाणवतात त्या मोबाइलमध्ये टिपून ठेवाव्यात आणि सायकल सोडून निघून जाण्याऐवजी कारागिराला एकेक सांगाव्यात. मागच्या चाकाची आउट पुन्हा काढून घ्यावी आणि क्रँकचे व स्टेमचे बोल्ट समोर आवळून घ्यावेत. पावसाळा जवळ आला असेल तर चेनसाठी जाडसर तेलाची बाटली त्याच फेरीत घ्यावी, आणि भिजून आल्यावर चेन आधी फडक्याने कोरडी करून मगच तेल लावावे. ओल्या चेनवर तेल ओतले तर आत अडकलेले पाणी तसेच राहते आणि रात्रीतून तांबेरा चढतो.